जामखेडची पंगत

१९७० च्या सप्टेंबरात जामखेडच्या एका बंद पडलेल्या गुरांच्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना सुरू झाला. गावातल्या पुढाऱ्यांनी इमारत दिली आणि दोन डॉक्टरांनी तीत बिऱ्हाड मांडलं. हे दोघे नवराबायको. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, राहुरीकडचे. मेबल मूळच्या जबलपूरच्या. दोघेही १९५९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, १९६० साली लग्न झालं, आणि खेड्यातच काम करायचं हे त्यांनी लग्नातच ठरवून टाकलं. नंतर अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि वैद्यकाचं पुढचं शिक्षण झालं. शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर या सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकाच्या हाताखाली अभ्यास झाला. एवढ्या पदव्या गाठीला असलेल्या माणसांनी पुण्यामुंबईत पाटी लावायची सोडून जामखेडला का यावं, हा प्रश्न तेव्हा नातेवाइकांनीही विचारला असेल.

उत्तर वडाळ्यात होतं. १९६२ ते ६६ या काळात दोघांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केलं होतं. हगवणीने सुकून गेलेलं मूल यायचं, सलाईन लागायची, मूल हसायला लागायचं आणि आई त्याला घेऊन घरी जायची. काही आठवड्यांनी तीच आई तेच मूल घेऊन पुन्हा दारात उभी. कधी तेच मूल, तर कधी त्याच्या पाठचं. आलेल्या आजारांपैकी बहुतेक मुळात होऊ नयेत असेच होते, आणि रुग्णालय मात्र ते होऊन गेल्यावरच कामाला लागायचं. वाहणाऱ्या नळाखाली फरशी पुसत बसल्यासारखं हे काम होतं. नळ कुठे आहे ते शोधायला दोघे जामखेडला आले.

जामखेड तालुका नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बालाघाटच्या रांगांच्या कडेला आहे. पलीकडे बीड, धाराशिव, सोलापूर. इतिहासाच्या पुस्तकात या तालुक्याला जागा मिळते ती दोन कारणांनी. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चोंडी इथलं, आणि १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते खर्डाही इथलंच. भुकेच्या इतिहासात मात्र या पट्ट्याचा पाढा फार मोठा आहे. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवलेला; येतो तो उरलासुरला, आणि तोही भरवशाचा नाही. खाली काळा पाषाण, वर मुरमाड माती. बाजरी आली तर आली. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या साहेबाने दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणून ठेवला. एवढ्यात माणूस दगड फोडू शकतो का, हे ‘करून पाहायचं’ होतं. मुंबई इलाख्यातले मजूर कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावच्या हालांच्या नोंदी गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. टेंपलसाहेब त्याच दुष्काळात मुंबईचे गव्हर्नर झाले, हे जाता जाता. मला यातली लक्षात राहणारी गोष्ट अशी की या मुलखात भुकेचं माप नेहमी वरून ठरलं. किती द्यायचं ते देणारा ठरवी आणि खाणाऱ्याला कुणी विचारीत नसे.

आरोळ्यांनी विचारलं. सुरुवातीला त्यांनाही वाटलं होतं की लोक म्हणतील दवाखाना हवा, इंजेक्शन हवं. गावोगाव जाऊन बसल्यावर उत्तर आलं: पाणी. त्यानंतर खायला. औषधाचा नंबर फार खाली होता. डॉक्टरांच्या मनातला क्रम आणि गावाच्या मनातला क्रम बरोबर उलटे निघाले. आणि गावाचाच क्रम खरा होता हे कळायला दोन वर्षंही लागली नाहीत.

१९७० पासून पाऊस रुसलाच होता. १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. त्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्यांना ‘मिलो’ म्हणा, तोंड वाकडं करतील. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी ना पाण्याला वळे ना घशाखाली उतरे. दुष्काळी कामांवर खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलाव खणायला माणसं लोटली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर रोज जवळपास पन्नास लाख माणसं होती. पाटील आणि त्याचा सालगडी एकाच खडीच्या ढिगावर बसलेले लोकांनी पाहिले. पोरांना ‘सुकडी’ मिळे; भाजलेल्या पिठाची, गुळाची. वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमीची कल्पना याच धगीत राज्याची योजना झाली, आणि पुढे तिचा कायदाही झाला. धान्याचं उत्पादन कोसळलं तरी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत, कारण लोकांच्या हातात मजुरी होती. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करून हेच दाखवलं. राज्याच्या खात्यावर जमा करावी अशी ही कामगिरी आहे, आणि आपण ती फारशी सांगत नाही.

पण मजुरी मिळते ती दगड फोडणाऱ्याला. खडीच्या ढिगाशेजारी फडक्याच्या झोळीत झोपलेल्या दीड वर्षाच्या पोराचं काय?

इथे त्या काळातल्या शास्त्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नेमकं तेव्हा शास्त्रही वाट चुकलं होतं. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांच्या टंचाईचं संकट कोसळणार असल्याचा इशारा दिला होता. गरीब देशांतली मुलं सुजतात, त्यांचे केस तांबूस होतात, ती किरकिर करतात. हे सगळं प्रथिनं कमी पडल्यामुळे, असा निदानाचा सूर होता. मग उपायही तसेच निघाले: दुधाची भुकटी, माशांची पूड, कारखान्यात बनवलेली प्रथिनयुक्त पिठं. या सुराविरुद्ध ठाम उभा राहिलेला एक माणूस साताऱ्याकडच्या बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ दोन दशकं संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. भारतातल्या आहाराचे आकडे मांडून ते म्हणत होते की लोकांच्या रोजच्या जेवणात, म्हणजे भाकरी आणि डाळीत, प्रथिनं बहुतेक पुरेशी असतात. कमी पडतं ते जेवणच. पोट भरत नसेल तर खाल्लेली प्रथिनंही शरीर सरपणासारखी जाळून टाकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले शास्त्रज्ञ गोपालनही याच निष्कर्षाला आले होते. १९७४ साली पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिन-पुराणाला फजिती म्हटलं. सुखात्म्यांनी नंतर आणखी पुढे जाऊन शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं असं मांडलं, त्यावर मोठं वादळ उठलं, आणि माझ्या मते ते वादळ उठायलाच हवं होतं. पण पहिल्या मुद्द्यावर ते बरोबर होते.

दीड वर्षाच्या पोराच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक कंगोरा आहे. एवढ्याशा मुलाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ निम्मं अन्न लागतं. त्याचं पोट मात्र वाटीएवढं. भाकरी त्याला चावत नाही, म्हणून आई पातळ पेज देते, नाहीतर भाकरी पाण्यात कुस्करून. वाटी भरते, पोर पोटावर हात ठेवून थांबतं, आई समाधान पावते. पण त्या वाटीत पाणीच जास्त. त्यातून आई सकाळी कामावर गेली की संध्याकाळी येणार. दिवसातून दोनदा जेवणाऱ्या घरात पोरही दोनदाच जेवतं. त्याला हवं असतं पाच वेळा. घरात धान्याची कणगी भरलेली असतानाही मूल वाळू शकतं ते असं. वर गढूळ पाण्याने हगवण लागली की आई खाणंपिणं दोन्ही बंद करते, कारण वर ओतलं की खाली जातं हे तिला डोळ्यांनी दिसत असतं. चार दिवसांत महिन्याची कमाई निघून जाते. म्हणून पाणी आधी. गावाला हे शास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण क्रम त्यांनी बरोबर लावला होता.

तेव्हा डॉक्टरांना औषधाची पेटी बाजूला ठेवून विंधन विहिरी खणायच्या मागे लागावं लागलं. त्या काळात खडक फोडणारी यंत्रं या भागात फार थोडी होती, आणि त्यातली काही मिशनऱ्यांकडे. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कारखान्यांत हातपंप दुरुस्त करता करता नवे, टिकाऊ पंप जन्माला आले. आज देशभर गावोगाव दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हातपंप सोलापूरच्या पंपावरूनच घडला. दुष्काळाने महाराष्ट्राला जे दिलं त्यात हा एक दांडा धरावा.

विहीर कुठे घ्यायची, हा प्रश्न वरवर भूगर्भशास्त्राचा. आत मात्र जातीचा. गावात पाणवठा म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं याचा नकाशाच. आरोळ्यांनी इथे सरळसोट डाव खेळला. पाणी दाखवणाऱ्यांशी आधी बोलून ठेवलं आणि जिथे जिथे जमेल तिथे पाणी दलित वस्तीत ‘सापडू’ लागलं. पाणी हवं तर महारवाड्यात यावं लागेल. घसा कोरडा पडला की विटाळाची धार बोथट होते. कुरकुर झाली, पण घागरी आल्या. हे प्रामाणिकपणाच्या पुस्तकी व्याख्येत बसत नाही हे मान्य. मला स्वतःला ही लबाडी फार आवडते.

पुढचं पाऊल पंगतीचं. दुष्काळात लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी गावात एकत्र स्वयंपाक सुरू झाला. सुरुवातीचं धान्य बाहेरच्या मदतीचं होतं; पण बाहेरचं धान्य बाहेर जातं हे आरोळ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून गावातल्या शेतकऱ्यांशी बोलणं झालं: पाण्याची सोय करून देतो, तुम्ही जमिनीचा एक तुकडा पोरांच्या जेवणासाठी पिकवा. काहींनी दिला. ज्वारी, कडधान्य, भुईमूग गावातच पिकलं की पोरांचं जेवण कुठल्या बोटीवर अवलंबून राहत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास तेल. वाटीएवढ्या पोटाला याहून चांगला मित्र नाही. कारखान्यातलं महागडं पीठ जे करू पाहत होतं ते उखळात कुटलेल्या शेंगदाण्याच्या कुटाने होत होतं. आणि हे सगळं वाढायचं एका पंगतीत. मराठ्याचं पोर, वंजाऱ्याचं पोर, मांगाचं पोर, मांडीला मांडी लावून. आधी काही घरांनी पोरं पाठवली नाहीत. नंतर पाठवली, भुकेल्या पोराला शेजारी कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नसतं, आणि आईबापांनाही फार काळ ते राहिलं नाही.

या जेवणावळी सांभाळायला गावागावांत तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. आरोग्याच्या प्रकल्पात आधी पुरुष आले ते शेतीमुळे, ही गंमत. बायका यायला वेळ लागला.

त्याचं कारण एका फसलेल्या बेतात आहे. आरोळ्यांनी पहिल्यांदा शिकलेल्या परिचारिका गावांत नेऊन ठेवल्या होत्या. शहराकडून आलेल्या, तरण्या, एकट्या. त्यांचं गावात बस्तान बसेना. त्यांना गावाची भीती, गावाला त्यांच्या पांढऱ्या साडीची. सासू म्हणे, लेकुरवाळी नाही ती मला लेकरं सांभाळायला काय शिकवणार! शेवटी एका सरपंचाने सुचवलं की गावातलीच बाई घ्या. बाया लिहिता-वाचता न येणाऱ्या. डॉक्टरांना शंका होती, पण दुसरा उपायही नव्हता. गावानेच बाई निवडायची असं ठरलं. बऱ्याच जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. ज्यांना गावाने एरवी ओवाळणीच्या ताटाजवळही येऊ दिलं नसतं अशा.

आठवड्यातून दोन दिवस या बाया जामखेडला येत. एकत्र जेवण, एकत्र झोपणं. मराठा बाईने दलित बाईच्या हातची भाकरी खाणं हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा, आणि तो पुस्तकात नव्हता. पहिल्या काही बैठका त्यातच गेल्या. मग शरीर, गर्भ, हगवण, वजन. पाटीपेन्सिल नव्हती म्हणून गाणी, चित्रं आणि पाठांतर. ओव्यांत हजार गोष्टी साठवणाऱ्या बायांना पाठांतराचं ओझं ते काय! शिकलेलं पोरीबाळींना सांगायला त्या पुढच्या दिवशी गावात असत, आणि आठवडाभरात लोकांनी विचारलेले नवे प्रश्न घेऊन परत जामखेडला.

पोर सुकणं म्हणजे सटवाईचा कोप नाही, ते पोराचं उपाशीपण आहे, हे गावात परक्या डॉक्टरने सांगितलं असतं तर लोक मान हलवून घरी गेले असते आणि देवीला कोंबडं कापलं असतं. जिने स्वतः तीन लेकरं पुरली आणि तेव्हा देवीलाच नवस केले, तिने सांगितलं की ऐकावं लागतं. तान्ह्याला पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नका. सहा महिन्यांनी दात येवोत न येवोत, मऊ भाकरी, डाळ, शेंगदाण्याचं कूट, तेलाचा थेंब सुरू करा. हगवण लागली की मिठासाखरेचं पाणी घोटघोट पाजा, खाणं बंद करू नका. वजन करा. वाशाला टांगलेल्या काट्यात पोर रडायचं, काटा हलायचा, आणि आकडा तक्त्यावर टिंब म्हणून बसायचा. हा वाढीचा तक्ता डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातल्या इलेशा भागात घडवला होता. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली वजनावरून कुपोषणाच्या चार श्रेणी आखल्या. पण तक्त्यावरची रेघ चढतेय की उतरतेय एवढं ओळखायला अक्षरं लागत नाहीत, डोळा लागतो. रेघ आडवी झाली की बाई त्या घरी जाऊन चुलीपाशी बसे. पोर सुकण्याच्या आधी एक-दोन महिने रेघ बोलते, आणि तेव्हा डॉक्टरची गरजच नसते.

सरूबाई साळवे, लालनबाई कदम, मुक्ताबाई पोळ या नावांना पुढे जगभरचे पाहुणे शोधत आले. ज्यांना एकेकाळी गावच्या विहिरीवर घागर बुडवायची मुभा नव्हती, त्या परदेशी डॉक्टरांच्या बैठकीत बोलायला उभ्या राहिल्या.

१९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ एक वर्षाची व्हायच्या आत मरत होती. पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांत चार कुपोषित होती. पाच-सहा वर्षांत बालमृत्यूंचा आकडा ५० च्या आसपास आला, आणि नव्वदीच्या दशकात त्याच्याही निम्म्यावर. कुपोषण मात्र हळू उतरलं. मृत्यू लवकर टळतो, भूक चिवट असते. लस आणि मिठासाखरेचं पाणी वर्षभरात पोहोचतं, चुलीवरची सवय बदलायला एक पिढी जाते. तेही अखेर वीसेक वर्षांत फार थोड्या मुलांपुरतं उरलं.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनीच चालवलेल्या आरोग्यकामांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर आरोळ्यांचं प्रकरण आलं. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा शहरात जगभरच्या सरकारांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हणून सह्या केल्या, त्या विचाराच्या मागे जी थोडी उदाहरणं होती त्यांत हे होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इकडे दिल्लीने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघर पोहोचला. अंगणवाडीत काटा आला, तक्ता आला, खिचडी आली. गावाने निवडणं मात्र आलं नाही, आणि दर आठवड्याला एकत्र बसून प्रश्न मांडणंही. योजना वरून आली की तिचं तोंड वरच असतं. अहवाल वर जातात.

त्याची किंमत १९९२ च्या पावसाळ्यात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वावर-वांगणीला मोजली गेली. जव्हारच्या त्या पाड्यांवर मुलं पानगळीसारखी गेली, पाठोपाठ मेळघाटातून बातम्या आल्या, आणि मुंबईपासून हाकेच्या अंतरावर भूक आहे हे मुंबईला वर्तमानपत्रातून कळलं. जामखेडपासून वावर-वांगणी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. मधे वीस वर्षं होती. तक्ते होते, योजना होत्या, खाती होती. पाड्यावरच्या बाईला कुणी काय विचारलं होतं ते कुठल्याही अहवालात सापडत नाही.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. जामखेडचं काम चालू आहे. दरम्यान तालुक्यातून उसतोडीला जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत, पाऊसही सुधारला नाही. पण किराणा दुकानात आता बिस्किटं आणि तळलेल्या पिठाची चकचकीत पाकिटं आली आहेत. गावच्या आरोग्यसेविकांच्या पिशवीत वजनकाट्याबरोबर रक्तदाब मोजायचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या असतात. पंगतीत बसून जेवलेली ती पोरं आता पन्नाशीत आहेत. त्यांच्या बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त काढायचं, आणि आकडा जास्त आला की पुन्हा चुलीपाशी जाऊन बसायचं.